संदेष्ट्यांनी ठेवलेली नावं : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे: भविष्यवाणीत येणाऱ्या नावांचा आणि पदव्यांचा अर्थ कसा लावायचा. उत्तरांतले अध्याय आणि वचनं मराठी बायबलप्रमाणे दिली आहेत. हिब्रू मजकूर समोर ठेवून पडताळणार असाल, तर काही ठिकाणी क्रमांक पुढेमागे होतात. यशया ९:६ हिब्रूत ९:५ आहे, होशेय १:१० तिथे २:१ आहे. संदर्भ सापडला नाही, तर आधी हा फरक तपासा.

प्रश्न : यशया ७:१४ मध्ये मुलाचं नाव इम्मानुएल ठेवतील असं लिहिलं आहे. मग देवदूताने 'येशू' हे नाव का सांगितलं? नव्या करारात कुणीही येशूला 'इम्मानुएल' अशी हाक मारलेली नाही. भविष्यवाणी पूर्ण झाली असं कसं म्हणायचं?

हाक मारायचं नाव आणि संदेश सांगणारं नाव, या दोन गोष्टी जुन्या करारात वेगळ्या असू शकतात. शलमोन जन्मला तेव्हा नाथान संदेष्ट्याच्या हस्ते परमेश्वराने त्याला 'यदीद्या', म्हणजे 'परमेश्वराचा प्रिय', हे नाव दिलं (२ शमुवेल १२:२५). त्यानंतर ते नाव कुठेच येत नाही. तो शलमोन म्हणूनच वाढला, राजा झाला आणि मेला. तरीही यदीद्या हे नाव खोटं पडलं असं कुणी म्हणत नाही, कारण त्या नावाचं काम एका वाक्याचं होतं आणि ते सांगून झालं होतं.

'इम्मानुएल' हेही वाक्यच आहे. 'इम्मानु' म्हणजे आमच्याबरोबर, 'एल' म्हणजे देव. हिब्रूत 'आहे' हे क्रियापद लिहावं लागत नाही, म्हणून हे दोन शब्द मिळून 'देव आमच्याबरोबर आहे' असं पूर्ण वाक्य होतं. हेच शब्द यशयात तीनदा येतात: ७:१४, ८:८ आणि ८:१०. तिसऱ्या ठिकाणी ते नाव म्हणून येत नाहीत, म्हणून भाषांतरात तिथे सरळ 'देव आमच्याबरोबर आहे' असं असतं आणि वाचकाच्या लक्षात येत नाही की हा तोच शब्द आहे. तिन्ही वचनं एकाखाली एक लिहून काढा. पहिल्यात धीर आहे. दुसऱ्यात अश्शूरचा पूर 'हे इम्मानुएल, तुझ्या देशावर' पसरणार असल्याचा इशारा आहे. तिसऱ्यात राष्ट्रांचे बेत फसतील अशी खात्री आहे. देव बरोबर असणं ही नेहमीच सुखाची गोष्ट असते असं यशया म्हणत नाही.

आता प्रसंग पाहा. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अरामाचा राजा रसीन आणि इस्राएलाचा राजा पेकह यांनी मिळून यहूदाच्या आहाज राजावर चढाई केली. त्या वेळी यशया आहाजाला सांगतो की हे मूल वाईट टाकून चांगलं निवडण्याइतकं समजदार होण्याआधीच त्या दोन राजांचा देश ओसाड पडेल (७:१६). इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरने अरामाची राजधानी दिमिष्क घेतली, ७२२ मध्ये इस्राएलाची राजधानी शोमरोन पडली. म्हणजे या नावाचा पहिला अर्थ आहाजाच्या हयातीतच सुरू होतो. हे वचन येशूला लावणारा मत्तय तो अर्थ पुसून टाकत नाही, तो पुढे नेतो. नावाचं क्रियापद कसं बदलत जातं तेवढंच पाहा: हिब्रूत 'ती नाव ठेवील', जुन्या ग्रीक भाषांतरात 'तू नाव ठेवशील', मत्तय १:२३ मध्ये 'त्याला इम्मानुएल म्हणतील'. मत्तयाच्या वाक्यात नाव आई ठेवत नाही. ते लोकांच्या तोंडी येतं, ती त्यांची कबुली आहे. घरातलं नाव त्याने दोनच वचनं आधी सांगून ठेवलं आहे: येशू, म्हणजे 'परमेश्वर तारतो', 'कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील'. आणि त्याच्या शुभवर्तमानाचं शेवटचं वचन आहे, 'मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे'. मत्तयाने नाव पहिल्या अध्यायात दिलं आणि त्याची पूर्तता शेवटच्या ओळीत दाखवली.

याच वचनातल्या 'कुमारी' शब्दावरून वाद घालणाऱ्यांनी दोन्ही शब्द माहीत करून घ्यावेत. हिब्रू 'अल्मा' म्हणजे वयात आलेली तरुणी. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, हा शब्द घातला आणि मत्तयाने तोच उद्धृत केला.

प्रश्न : 'महेर-शालाल-हाश-बज' एवढं लांब नाव मुलाला ठेवण्याचा उद्देश काय? आणि अशी नावं फोडायची कशी?

महेर म्हणजे घाईने, शालाल म्हणजे लूट, हाश म्हणजे त्वरा, बज म्हणजे लुबाडलेला माल. मराठीत सांगायचं तर 'लुटीला घाई, लुबाडणुकीला लगबग'. हे नाव मुलाच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही आणि बहुतेक वाचक इथेच चुकतात. नाव ज्याला ठेवलं त्याचंच वर्णन नावात असेल असं ते धरून चालतात. संदेष्ट्यांच्या मुलांची नावं बहुधा देव काय करणार आहे ते सांगतात, मूल हा त्या नावाचा चालता-बोलता फलक असतो. यशया ते स्वतःच स्पष्ट लिहितो: 'मी व परमेश्वराने मला दिलेली मुले चिन्हे आहोत' (८:१८).

पुरावा कसा राखला होता तेही पाहण्यासारखं आहे. मूल गर्भात येण्याआधीच यशयाने हे नाव मोठ्या पाटीवर लिहिलं आणि उरीया याजक व जखऱ्या यांना साक्षीदार ठेवलं (८:१-३). मूल 'बाबा', 'आई' म्हणू लागण्याआधी दिमिष्काची संपत्ती आणि शोमरोनाची लूट अश्शूरकडे जाणार होती (८:४). पाटी, दोन साक्षीदार आणि मुदत, तिन्ही गोष्टी लोकांसमोर होत्या, त्यामुळे नंतर कुणी 'असं म्हटलंच नव्हतं' म्हणू शकत नव्हतं.

फोडण्याची रीत अशी. आधी नावाच्या टोकांना 'एल' (देव) किंवा 'या', 'याहू' (परमेश्वर) आहे का पाहा. असेल तर वाक्याचा कर्ता बहुधा देव असतो. मग उरलेल्या भागात 'माझा', 'आमचा', 'तिच्यात' असे प्रत्यय शोधा. मग तोच शब्द त्याच अध्यायात साध्या अर्थाने कुठे आला आहे ते पाहा, कारण संदेष्टा नावाची किल्ली सहसा जवळच ठेवतो. शब्दकोशातला अर्थ सगळ्यात शेवटी बघा. तो आधी वाचला की प्रसंगाकडे दुर्लक्ष होतं आणि नाव नुसतं सुविचार होऊन बसतं. यशयाच्या पहिल्या मुलाचं नाव 'शआर-याशूब' याचं चांगलं उदाहरण आहे. 'उरलेले परत येतील' हे ऐकायला दिलासा वाटतो. पण आहाजाच्या कानी ते पडलं तेव्हा त्याचा पहिला अर्थ 'उरतील फक्त थोडे' असाही होता. यशया १०:२१-२२ मध्ये दोन्ही अर्थ शेजारी उभे आहेत.

प्रश्न : यशया ९:६ मध्ये नावं चार की पाच? आणि पुत्रालाच 'सनातन पिता' कसं म्हटलं?

चार. हिब्रूत त्यांच्या चार जोड्या होतात: पेले-योएत्स, एल-गिब्बोर, अवी-अद, सार-शालोम. काही जुन्या इंग्रजी छपाईत पहिल्या जोडीच्या मध्ये स्वल्पविराम पडला आणि 'अद्भुत' हे वेगळं नाव झालं, पाचाचा आकडा तिथून आला.

मराठीतला 'अद्भुत मंत्री' वाचताना मंत्रिमंडळ मनात आणू नका. 'योएत्स' म्हणजे मसलत देणारा, बेत आखणारा. मंत्री हा शब्द इथे मंत्रणा या मूळ अर्थाने घ्यायचा. आहाज चुकीच्या मसलतीने अश्शूरकडे मदत मागायला गेला, त्या पार्श्वभूमीवर हे पहिलं नाव फार नेमकं बसतं.

'पिता' इथे राज्यकर्त्याची पदवी आहे. यशया २२:२१ मध्ये एल्याकीम यरुशलेमच्या रहिवाशांचा 'पिता' होईल असं म्हटलं आहे. तिथे कुणालाच गोंधळ वाटत नाही. सांभाळ करणारा, आणि तोही कायमचा, असा 'अवी-अद'चा रोख आहे. त्रैक्यातल्या पित्याची आणि पुत्राची इथे सरमिसळ करायची नाही. 'एल-गिब्बोर' मात्र हलका शब्द नाही. पुढच्याच अध्यायात (१०:२१) तो थेट परमेश्वरासाठी आला आहे. यहुदी वाचनात हे सगळं मिळून देवाबद्दलचं एक वाक्यनाम मानण्याची परंपरा आहे. ख्रिस्ती वाचनात ही येणाऱ्या राजाची नावं आहेत. दोन्ही वाचनांना हिब्रू व्याकरणात जागा आहे, म्हणून निर्णय या एका वचनावर न सोडता दाविदाच्या सिंहासनाबद्दलचं ९:७ आणि अकरावा अध्याय जोडून वाचावेत.

प्रश्न : होशेयाच्या मुलांची नावं इतकी कठोर का? आणि नंतर ती बदलली तर इज्रेलचं नाव का बदललं नाही?

ते नाव बदललं नाही, हेच तर होशेयाचं कौशल्य आहे.

पहिला मुलगा इज्रेल. येहूने इज्रेलात रक्तपात करून गादी मिळवली होती (२ राजे ९ आणि १०). होशेय बोलत होता तेव्हा येहूचा पणतू, दुसरा यराबाम, राज्य करत होता. पेशवाई किंवा पानिपत म्हटलं की जसा एक सबंध काळ डोळ्यांपुढे येतो, तसं त्या ऐकणाऱ्यांच्या मनात 'इज्रेल' म्हणताच ते रक्त उभं राहत असे. यराबामाचा मुलगा जखऱ्या सहा महिन्यांत मारला गेला आणि येहूचं घराणं संपलं (२ राजे १५:८-१२). दुसरं अपत्य मुलगी, लो-रुहामा, 'जिच्यावर दया नाही'. रुहामा या शब्दाचं नातं 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, या शब्दाशी आहे, त्यामुळे आईच्या मायेचा अभाव त्यात ऐकू येतो. तिसरा लो-अम्मी, 'माझे लोक नव्हेत'. १:९ चं हिब्रू आणखी बोचरं आहे. 'मी तुमचा नव्हे' यासाठी तिथे 'लो एह्ये' असे शब्द आहेत, आणि 'एह्ये' हाच शब्द निर्गम ३:१४ मध्ये देवाने मोशेला आपलं नाव म्हणून सांगितला होता. करार जिथे सुरू झाला, तोच शब्द इथे नकारासह परत येतो.

मग उलटापालट होते. 'लो' म्हणजे नाही. तो गाळला की रुहामा आणि अम्मी उरतात (२:१). इज्रेलला मात्र गाळण्यासारखं काही नाही. त्याचा अर्थ 'देव पेरतो'. पेरणारा मुठीतलं बी फेकतो. फेकणं म्हणजे विखुरणंही आणि पेरणंही. पहिल्या अध्यायात लोक विखुरले जाणार होते. २:२२-२३ मध्ये तेच नाव, तीच अक्षरं, आणि देव म्हणतो की मी तिला माझ्यासाठी देशात पेरीन. हे वाचताना दरवेळी थांबावंसं वाटतं, इतकं ते सुंदर आहे. पौल (रोमकरांस ९:२५-२६) आणि पेत्र (१ पेत्र २:१०) यांनी ही नावं पुढे परराष्ट्रीयांसह सर्व विश्वासणाऱ्यांना लावली. तिथून मागे येऊन होशेय वाचलात, तर आधी त्याचा स्वतःचा संदर्भ पक्का करा.

प्रश्न : यिर्मया २३:६ मध्ये राजाचं नाव 'परमेश्वर आमची नीतिमत्ता' आहे. राजा स्वतः परमेश्वर आहे हे या नावावरूनच सिद्ध होतं ना?

फक्त नावावरून नाही. यिर्मया ३३:१६ उघडा. तिथे हेच नाव यरुशलेम नगरीला दिलं आहे. नगरी परमेश्वर आहे असं कुणी म्हणणार नाही. ख्रिस्ताच्या देवत्वासाठी दुसरी भक्कम वचनं असताना हा पुरावा पुढे केला, तर समोरचा ३३:१६ दाखवतो आणि बोलणं तिथेच अडतं.

या नावाची खरी धार वेगळी आहे. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया. त्याचं मूळ नाव मत्तन्या, इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला गादीवर बसवलं आणि नाव बदललं (२ राजे २४:१७). सिद्कीया म्हणजे 'परमेश्वर माझी नीतिमत्ता'. यिर्मयाने तेच दोन तुकडे उलटे लावले, 'माझी'चं 'आमची' केलं आणि म्हटलं, खरा राजा तो असेल. गादीवर बसलेल्याचं नाव न घेता त्याच्याच नावाने त्याला तोललं. हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं असणार.

या नावाच्या आधीच्याच वचनात (२३:५) येणाऱ्या राजाला म्हटलेला 'अंकुर' हिब्रूत 'त्सेमाख' आहे. तो यिर्मया ३३:१५, जखऱ्या ३:८ आणि ६:१२ इथेही येतो. यशया ११:१ मधला शब्द वेगळा आहे, 'नेत्सेर'. भाषांतरात दोन्ही एकसारखे वाटतात, म्हणून शब्दसूचीतून संदर्भ जुळवताना सांभाळा.

प्रश्न : यिर्मया २५:२६ मधला 'शेशख' कोणत्या नकाशात सापडेल?

कोणत्याच नाही. तो बाबेल आहे. हिब्रूच्या २२ अक्षरांत पहिल्याऐवजी शेवटचं, दुसऱ्याऐवजी शेवटून दुसरं, अशी अदलाबदल करायची. या रीतीला अतबाश म्हणतात. बाबेल हे हिब्रूत ब-ब-ल असं लिहितात. ब दुसरं अक्षर, त्याच्या जागी एकविसावं श. ल बारावं, त्याच्या जागी अकरावं ख. झालं श-श-ख. ५१:१ मधलं 'लेब-कामाय' याच रीतीने 'कास्दीम', म्हणजे खास्दी (बाबेलचे लोक), असं निघतं, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे सरळ खास्दी असंच आहे.

हे गुप्त ठेवण्यासाठी होतं असं सांगितलं जातं, पण ५१:४१ मध्ये शेशख आणि बाबेल एकाच वचनात आहेत, म्हणजे लपवण्याचा हेतू तिथे तरी नाही. आणि ही रीत दिसेल त्या नावाला लावू नका. इथे ती टिकते, कारण मजकूर स्वतः उत्तर शेजारी देतो.

प्रश्न : यहेज्केल ३८ मधले रोश, मेशेख, तुबाल म्हणजे रशिया, मॉस्को आणि तोबोल्स्क, हे बरोबर आहे का?

नाही. ही नुसत्या आवाजाची जुळणी आहे. मेशेख आणि तुबाल हे आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) लोक होते. अश्शूरी लेखांत ते मुश्की आणि तबाल म्हणून येतात. यहेज्केलाने स्वतःच २७:१३ मध्ये ते सोर शहराशी गुलामांचा आणि पितळी भांड्यांचा व्यापार करत असल्याचं लिहिलं आहे, म्हणजे त्याच्या श्रोत्यांना ते ओळखीचे होते. मॉस्कोचा उल्लेख इ.स. ११४७ पासून मिळतो आणि शहराला नदीचं नाव पडलं आहे. तोबोल्स्क १५८७ मध्ये वसलं, तेही तोबोल नदीवरून. 'रोश' हा हिब्रूत डोकं किंवा प्रमुख यासाठी रोजचा शब्द आहे. ग्रीक भाषांतराने तो विशेषनाम मानला, म्हणून काही भाषांतरांत 'रोश' राहतो. पण 'रूस' हे नाव इतिहासात नवव्या शतकात दिसतं. प्रकटीकरण २०:८ मध्ये तर याच अध्यायातले गोग आणि मागोग पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतली राष्ट्रं आहेत. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानानेच ज्यांना एका देशात बांधलं नाही, त्यांना आपण बांधू नये.

प्रश्न : प्रकटीकरण १३:१८ मधला श्वापदाचा आकडा ६६६ नेमका कसा मोजतात?

हिब्रूत अक्षरंच अंक म्हणून वापरतात. 'नेरोन केसर', म्हणजे रोमन सम्राट नीरो, हिब्रू अक्षरांत लिहिलं तर न ५०, र २००, व ६, न ५०, क १००, स ६०, र २००. बेरीज ६६६. लॅटिन पद्धतीने 'नेरो' लिहिलं तर शेवटचा न जातो, ५० कमी होतात आणि ६१६ उरतात. प्रकटीकरणाच्या काही जुन्या प्रतींत खरोखर ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरस ११५ या हस्तलिखितात तो वाचता येतो, आणि दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती लेखकाला तो पाठ ठाऊक होता, जरी त्याने ६६६ च खरा मानला. एकाच नावाने दोन्ही पाठ समजतात, हा नीरोच्या बाजूचा सर्वात मजबूत मुद्दा आहे.

आजच्या एखाद्या नेत्याचं नाव मोजून पाठवणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच: भाषा, स्पेलिंग आणि पदवी आपणच निवडली की जवळपास कुठलंही नाव हव्या त्या आकड्यात बसवता येतं. १३:१८ मधलं 'गणना करावी' हे त्या वेळच्या मंडळ्यांना सांगितलं होतं, म्हणजे नाव त्यांना मोजता येण्यासारखं होतं.

प्रश्न : 'लूसिफर' हे सैतानाचं नाव बायबलमध्ये कुठे आहे?

यशया १४:१२ मधल्या 'प्रभातपुत्र' ताऱ्यासाठी हिब्रू शब्द 'हेलेल' आहे. लॅटिन भाषांतरात तिथे 'लूसिफर', म्हणजे प्रकाश आणणारा, पहाटेचा तारा, असा साधा शब्द आला. ते गीत कुणाविषयी आहे ते १४:४ सांगतं: बाबेलचा राजा. सैतानाच्या पतनाशी ते जोडण्याची परंपरा जुनी आहे, पण ती नंतरची आहे. त्याच लॅटिन बायबलात २ पेत्र १:१९ मध्ये विश्वासणाऱ्यांच्या अंतःकरणात उगवणाऱ्या ताऱ्यालाही 'लूसिफर'च म्हटलं आहे.

प्रश्न : 'हेफसीबा' हे नाव मुलीला ठेवायचं मनात आहे. पण यशया ६२:४ मध्ये ते नगरीचं नाव आहे. मुलीला चालेल का?

जरूर चालेल. ते मुळात बाईचंच नाव आहे. हिज्कीयाची राणी, मनश्शेची आई, हेफसीबा होती (२ राजे २१:१). हेफसी म्हणजे माझा आनंद, बा म्हणजे तिच्यात: 'माझा आनंद तिच्यात आहे'. यातला 'माझा' देवाचा आहे, हे मुलीला मोठेपणी सांगायला विसरू नका. त्याच वचनात नगरीचं जुनं नाव 'टाकलेली' असं आहे, हिब्रूत 'अजूबा', आणि तेही खऱ्या राणीचं नाव होतं: यहोशाफाटाच्या आईचं (१ राजे २२:४२). यशयाने राजघराण्यातली ओळखीची दोन नावं घेतली आणि उजाड नगरीला सांगितलं की आजपासून तुला दुसऱ्या नावाने हाक मारतील.